साक्षीदार टाकी

संशयी स्वभाव मला जन्मजात आहे, त्याला माझा इलाज नाही. दूधवाल्याचं माप मी उजेडात धरून बघते, औषधाच्या पाकिटावरची तारीख दोनदा वाचते, आणि कोणी फार गोड बोलायला लागलं की माझा हात आपोआप पर्सवर जातो. "कुमुद, तू देवळातलं तीर्थसुद्धा वास घेऊन पिशील," असं हे म्हणायचे. हे जाऊन सहा वर्षं झाली, स्वभाव जागच्या जागी आहे. म्हणून कातळवण नगरपंचायतीने मला, म्हणजे कुमुदिनी शिगवणला, पाण्याच्या केंद्रावर नेमलं तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, आता बरोबर माणूस मिळालं.

केंद्र म्हणजे पाणी शुद्ध करायच्या प्लांटशेजारची एक खोली आणि तीत काचेच्या दोन टाक्या. एकीत गावाच्या नळाचं पाणी, ती गावाची टाकी. दुसरीत पावसाचं साठवून गाळलेलं स्वच्छ पाणी, ती साक्षीदार टाकी. दोन्हींत चाळीस-चाळीस बेडकाची पिल्लं, एकाच दिवशी अंड्यातून निघालेली. २०३८ साली कायदा झाला की वीस हजारांवर वस्ती असलेल्या प्रत्येक गावाला असं केंद्र हवंच. कारखान्यांतून येणारी रसायनं इतकी झाली होती की एकेक शोधत बसायला प्रयोगशाळा पुरेनात. त्यापेक्षा बेडकालाच विचारू या, असं ठरलं.

बेडकालाच का, ते सांगते. मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं, तेवढं अजून विसरले नाही. शेपटीवाल्या पिल्लाच्या गळ्यात एक इवलीशी ग्रंथी असते, थायरॉइड. तुमच्या-माझ्या गळ्यात असते तीच. ती आयोडीन ओढून घेते आणि त्याचं हार्मोन बनवते. ते रक्तात उतरलं की पिल्लाचं सगळं शरीर नव्याने घडतं. आधी मागचे पाय वाढतात, मग पुढचे येतात. पाला खाणारं लांबलचक आतडं आखडून किडे पचवणारं होतं. कल्ले जातात, फुप्फुसं कामाला लागतात. शेपूट तर शरीर स्वतःच जिरवून टाकतं. एकच हार्मोन पायाला सांगतं वाढ आणि शेपटीला सांगतं मर. ग्रंथी बंद पडली तर पिल्लू मरत नाही, नुसतं मोठं होत राहतं शेपटीसकट, बेडूक काही होत नाही. आणि आईच्या पोटातल्या बाळाचा मेंदू घडतो तोही याच हार्मोनवर. बेडकाचं वेगळं, माणसाचं वेगळं असं काही नाही. म्हणून ज्या पाण्यात पिल्लाचा बेडूक वेळेवर होत नाही, ते पाणी गरोदर बाईने पिऊ नये.

आमच्या वाणाच्या पिल्लांना पन्नास दिवस लागतात. छताला लावलेलं 'दर्दुर' नावाचं मशीन रोज दुपारी बाराला एक फोटो काढतं, पाय-शेपूट मोजतं, दोन टाक्यांची तुलना करतं आणि बाजारपेठेतल्या बोर्डावर दिवा लावतं. हिरवा, पिवळा नाहीतर तांबडा. पिल्लांना खाऊ घालायचं कामही मशीनचंच, त्याच्या नळीतून दाणे पडतात. पण त्या दाण्यांत काय दळलंय ते कोणी बघितलंय? मी ती नळी पहिल्याच महिन्यात बंद केली आणि घरून उकडलेला पालक न्यायला लागले. बोटांनी कुस्करून घातला की पिल्लं अशी झेपावत येतात, बघत राहावं! नियमात बसत नव्हतं, म्हणून मी ते कुठे बोलले नाही.

एप्रिलमध्ये नदीच्या वरच्या अंगाला रॉकेटच्या इंधनाचा कारखाना सुरू झाला. त्या खेपेच्या पिल्लांना गावाच्या टाकीत चोपन्न दिवस लागले. बोर्ड पिवळा झाला, गावात चर्चा. तेवढ्यात आमचे जुने अभियंता बदलून गेले आणि गव्हाणे साहेब आले. परभणीकडचे, तिशीतले, बोलायला मऊ. आणि काय गंमत, पुढच्याच खेपेला गावाची पिल्लं एकोणपन्नास दिवसांत बेडूक! बोर्ड हिरवा. नगराध्यक्षांनी पेढे वाटले आणि मीही दोन खाल्ले.

सप्टेंबरात माझी लेक तनिष्का आली, चौथा महिना लागला होता तिला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे ठरलेलंच होतं. पण आमच्याकडे सातव्यात आणतात, ही आधीच आली, कारण जावई जहाजावर आणि सासरी बाईमाणूस नाही. आल्या आल्या पाण्याचा पेला हातात घेऊन म्हणाली, "आई, पाणी कसं आहे गं इथलं? कारखान्याचं ऐकलं म्हणून विचारते."

"माझे बेडूक वेळेवर होतायत," मी म्हणाले. "पी खुशाल. मी उकळूनच देणार आहे."

"तू हो म्हणालीस म्हणजे झालंच," तनू हसली आणि पेला रिकामा केला.

संशय आला तो जानेवारीत. सकाळी सहाला केंद्र उघडलं, उपाशीपोटी माझी गोळी घेतली. मलाही थायरॉइडचा त्रास, पंधरा वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासून डॉक्टरांनी एकाची दीड गोळी केलीय, म्हणतात वय झालं. गोळीनंतर अर्धा तास चहा चालत नाही, तेवढ्यात मी पिल्लांचं खाणं उरकते. आधी गावाची टाकी. मग साबणाने हात धुऊन साक्षीदार टाकी, कारण नळाच्या पाण्याचा थेंबही तिकडे जाता कामा नये. तो नियम मी कधी मोडला नाही.

त्या दिवशी खेप पुरी झाली होती. गावाच्या टाकीतला एक बेडूक उचलला तर तो माझ्या अंगठ्याच्या नखावर मावला. साक्षीदार टाकीतला चांगला सुपारीएवढा. दिवस बरोबर, पाय बरोबर, शेपूट गेलेली, पण वाढ नाही. मागच्या खेपांचे फोटो काढून बघितले, तर जुलैपासून सगळे असेच बारके. मशीन नुसते दिवस मोजत होतं, आणि मीही मशीनसारखीच दिवस मोजत बसले होते.

"झाले का मॅडम बेडूक?" मागून आवाज आला. गव्हाणे साहेब. सातसुद्धा वाजले नव्हते.

"झाले."

"सगळे?"

"सगळे."

ते टाकीकडे बराच वेळ बघत राहिले, मग "छान" म्हणाले आणि गेले. छान म्हणताना माणूस असा तोंड पाडून म्हणतो का? मी वॉचमनची वही चाळली. साहेब दर रविवारी केंद्रावर येत होते, मी सकाळचं खाणं घालून गेल्यावर. त्यांच्या टेबलाच्या खणात पांढऱ्या बारीक गोळ्यांची बाटली मी स्वतः पाहिली होती. दिवाळीला ते कारखान्यात जेवायला गेले होते, हेही मला ठाऊक होतं. माझ्या डोक्यात सगळं पटापट जुळत गेलं.

मी चार बारके बेडूक डब्यात घालून पुण्याला शालनकडे पाठवले. शालन उपळेकर माझी कॉलेजातली मैत्रीण, तिथल्या प्रयोगशाळेत आहे. आणि टाक्यांत नवी खेप सोडल्यावर तनूचा जुना मोबाइल कपाटावर, टाक्यांच्या दिशेने, पुठ्ठ्यामागे लपवून ठेवला. काही हललं की तो आपोआप चित्रण करतो.

"आई, तू सीआयडीत जायला हवी होतीस," तनू म्हणाली.

"हस, हस. तुझ्याचसाठी करतेय."

त्याच सकाळी मी घरातला माठ रिकामा केला आणि टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आणायला लागले. तनूचा तेव्हा आठवा महिना चालू होता. चार महिने ती माझ्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर नळाचं पाणी प्यायली होती.

पाचव्या दिवशी शालनचा फोन आला. "कुमुद, विचित्र आहे गं. तुझ्या बेडकांच्या गळ्यातली ग्रंथी झोपलेली आहे. कामच केलेलं नाही तिने. आणि अंगात हार्मोन मात्र भरपूर."

"म्हणजे?"

"म्हणजे चूल पेटलेली नाही आणि भाकरी तयार आहे. हार्मोन बाहेरून आलंय, कोणीतरी टाकीत घालतंय. फार लागत नाही, औषधाच्या गोळीचे चार कण रोज पडले तरी पुरे. वाढ पुरी व्हायच्या आधीच पिल्लाला बेडूक व्हायला लावतं ते, म्हणून बारके."

"पण का घालेल कोणी?"

"पाणी वाईट आहे हे झाकायला. रॉकेटच्या इंधनात पर्क्लोरेट नावाचं मीठ असतं. ग्रंथी आयोडीन समजून त्यालाच आत घेते आणि खरं आयोडीन दाराबाहेर राहतं. मग हार्मोन बनत नाही, पिल्लं रखडतात, बोर्ड पिवळा होतो. वरून हार्मोन घातलं की सगळं झाकलं. नळाचं पाणी तपासायला पाठव लगेच. आणि ऐक, उकळून ते जात नाही हं. पाणी आटतं, मीठ तेवढंच राहतं."

मी तनूला उकळून उकळून पाजलं होतं.

"कुमुद? टाकीत हात कोण कोण घालतं?"

"मी सोडून कोणी नाही," मी म्हणाले. "म्हणजे, उघडपणे तरी नाही."

मग मला थांबवणारं कोण होतं? मोबाइलमधलं चित्रण बघायचाही धीर निघाला नाही. त्याच दुपारी जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन लेखी तक्रार दिली, गव्हाणेंचं नाव घालून. दोन दिवसांत त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. पाण्याचे नमुने नेले, अहवालाला तीन आठवडे लागतील, तोवर पाण्याबद्दल गावात बोलू नका, घबराट होईल, म्हणाले. महिला मंडळाने माझा सत्कार ठरवला. गव्हाणे खुर्चीवरचा टॉवेल घडी करून पिशवीत घालत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला खात्री आहे?"

"माझी लेक पोटुशी आहे," मी म्हणाले. "हे करताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही हो?"

त्यांनी पिशवी उचलली आणि खाली मान घालून निघाले. मला वाटलं, चोर सापडल्यावर असाच जातो.

चौकशी अधिकाऱ्यांनी चित्रण मागितलं. रविवारी दुपारी मी आणि तनू लॅपटॉप घेऊन बसलो, गव्हाणेंचा हात टाकीवर दिसेल तेवढाच तुकडा काढायचा होता. एकूण आठ दिवसांचं चित्रण. मधल्या रविवारी साहेब दिसले. खुर्ची ओढून टाकीसमोर बसले, काचेबाहेरून पट्टी धरली, वहीत काहीतरी लिहिलं, अर्ध्या तासाने उठले. हात टाकीकडे गेलाच नाही. बाकी सगळा वेळ मी एकटीच. मी पुढे पुढे पळवत होते.

"थांब," तनू म्हणाली. "मागे घे. तुझंच."

"माझं काय बघायचंय?"

"मागे घे, आई."

पडद्यावर मी होते. पाकिटातून दोन गोळ्या काढल्या. एक तोंडात टाकली. दुसरी चिमटीत धरून अंगठ्याच्या नखाने मोडली, अर्धी तोंडात, अर्धी केराच्या टोपलीत; मोडलेली गोळी दुसऱ्या दिवशी मी घेत नाही. हातावर पडलेली पूड झटकली. पाणी प्याले. डबा उघडला आणि त्याच बोटांनी पालक घेतला, कुस्करला, गावाच्या टाकीत मनगटापर्यंत हात घालून बोटं चोळून चोळून सोडवला. पिल्लं धावत आली. मग मी बेसिनकडे गेले, साबण लावला, नखांच्या खाचांतूनसुद्धा हात धुतले, आणि स्वच्छ हाताने साक्षीदार टाकीला खाऊ घातलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठही दिवस तेच.

माझी गोळी म्हणजे तेच थायरॉइडचं हार्मोन, आणि दीड गोळी पावसाळ्यापासून सुरू झाली होती. अख्खी गोळी घेत होते तोवर काही मोडावं लागत नव्हतं. बोर्ड हिरवा झाला तो दीड गोळीने, गव्हाणेंनी नव्हे. आणि माझी मात्रा वाढली ती वय झालं म्हणून की हेच पाणी पिऊन, देव जाणे. सगळ्या गावावर संशय घेतला मी, दाण्यांवर घेतला, मशीनवर घेतला, साहेबांवर घेतला. फक्त ही दहा बोटं राहून गेली.

तनूने लॅपटॉप हळूच मिटला. तिचा एक हात पोटावर होता. ती म्हणाली, "आई, नमुन्यांचा अहवाल येईलच. पाणी वाईट आहे हे कळेलच लोकांना. मग हे कोणाला दाखवायचं कशाला? पुसून टाक."

"आणि गव्हाणे?"

"त्यांना बदली मिळेल कुठेतरी. तुझी नोकरी जाईल आई, पेन्शन अडकेल. लोक तुला काय काय बोलतील."

मी खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी पुसलं नाही पण कोणाला दाखवलंही नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेले. दोन्ही टाक्यांतल्या नव्या खेपेच्या पिल्लांना चमच्याने खाऊ घातलं. खिडकीतून बाजारपेठेतला बोर्ड दिसत होता, अजून हिरवाच. जुना निकाल तो, पुढची खेप पुरी होईपर्यंत तसाच राहणार. बोर्डाखालच्या नळावर शेजारच्या आळीतली सून कळशी भरत होती. तिला सातवा महिना होता. ती माझ्याकडे बघून हसली, बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, तुमच्यामुळे आम्ही निर्धास्त!"

"ओत ते पाणी!" मी खिडकीतून ओरडले. "ओत आधी! आणि सगळ्यांना सांग, नळाचं पिऊ नका, शिगवणकाकूंनी सांगितलंय."

मग मशीनचं झाकण उघडून कायद्याने दिलेला तांबडा खटका मी हाताने दाबला. तो दाबला की कारण लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं, 'केंद्रसहायकाच्या हातून गावाच्या टाकीत औषध मिसळलं गेलं. जुलैपासूनचे सर्व निकाल खोटे.' खाली सही केली.

गव्हाणे भाड्याच्या खोलीवर पुस्तकं खोक्यात भरत होते. मी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं आणि चित्रण पुढे केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. मग खोक्यातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. गावाच्या टाकीतल्या बेडकांची मापं, ऑगस्टपासूनची. "मला तेव्हाच दिसलं होतं की बारके होतायत. मला वाटलं, कारखान्याने तुम्हाला गाठलंय. दर रविवारी येऊन पुरावा गोळा करत होतो, मॅडम."

"माझ्याविरुद्ध?"

"तुमच्याच. टाकीला हात लावणारं दुसरं होतं कोण?"

"मग विचारलं का नाही हो मला एकदा तरी?"

"तुम्ही विचारलंत का मला?"

जे मला जानेवारीत दिसलं ते त्यांना ऑगस्टपासून ठाऊक होतं, आणि मधल्या सगळ्या महिन्यांत माझी लेक पाणी पीत होती.

"आणि ती बाटली? पांढऱ्या गोळ्यांची?" राहवलं नाही म्हणून मी विचारलंच.

"सर्दीच्या आहेत. होमिओपॅथीच्या." पहिल्यांदाच ते थोडे हसले. "तुमच्या कोकणातली हवा मानवत नाही मला."

पुढचं थोडक्यात सांगते. नळाच्या पाण्यात पर्क्लोरेट निघालं, कारखान्याचं सांडपाणी थांबवलं, टँकर आले. गव्हाणे परत खुर्चीवर बसले. मला निलंबित केलं, चौकशी अजून चालू आहे. सत्कार अर्थातच रद्द झाला. काही बायका रस्त्यात माझ्याशी बोलत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

तनूला फेब्रुवारीत मुलगी झाली. दिसायला अगदी ठणठणीत, रडणं दणदणीत. तालुक्याच्या दवाखान्यातल्या सय्यद डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, उद्या घरी न्या. मी म्हणाले, टाचेतलं रक्त घेऊन थायरॉइड बघितल्याशिवाय मी हलणार नाही. त्या म्हणाल्या, मशीन बंद आहे, पुढच्या महिन्यात या. मी त्यांना सगळं सांगितलं, बोटांसकट, अगदी त्यांच्या टेबलावर हात ठेवून. त्यांनी तिसऱ्या दिवशी नमुना रत्नागिरीला पाठवला.

बाळाची ग्रंथी मंद होती.

"पाण्यामुळे किती आणि घराण्यातलं किती, ते मी सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पहिल्या आठवड्यात सापडलंय. रोज गोळी गेली तर मेंदूला धक्का नाही. दोन-तीन वर्षांनी कदाचित बंदही होईल. महिनाभराने आला असतात तर मी हे म्हणू शकले नसते." तनू तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. मीही तिच्याकडे बघू शकले नाही.

तान्ह्या बाळाला गोळी गिळता येत नाही. ती बारीक पूड करून चमचाभर आईच्या दुधात कालवून द्यायची, उपाशीपोटी, रोज एकाच वेळी. पहिल्या सकाळी तनूने बाळाला मांडीवर घेतलं. मी हात धुतले, पुसले, पाकीट उघडलं आणि थांबले.

"तू कर," मी म्हणाले. "माझा हात नको त्याला."

तनूने बाळाला दुसऱ्या हातावर घेतलं. त्या रविवारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मग म्हणाली, "आई, माझे हात गुंतलेत. आणि एक कणही इकडेतिकडे जाता कामा नये म्हटल्यावर तुझ्याइतकं कोण बघणार आहे?"

मी दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडली. पूड दुधात पडली, पण थोडी माझ्या तर्जनीच्या टोकाला राहिली. पांढरी, जेमतेम दिसेल न दिसेल एवढी. तेवढीच रोज मी झटकत होते आणि उरलेली त्या पिल्लांना चारत होते. मी बोट त्या दुधात बुडवलं, अंगठ्याने चोळलं, पुन्हा बुडवलं, उजेडात धरून बघितलं. तनूही वाकून बघत होती.

"गेली का सगळी?" तिने विचारलं.

"नखात आहे थोडी," मी म्हणाले, आणि नख परत दुधात धुतलं.

मग तिने चमचा बाळाच्या ओठाला लावला. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळं दूध गिळलं.